चिमूट, पसा आणि चमचा : स्वयंपाकघरातील प्रमाणाचा इतिहास

मराठी पाकपुस्तकातील कोणतीही पाककृती उघडली की तिचे दोन भाग दिसतात. पहिल्या भागाचे नाव 'साहित्य' आणि दुसऱ्याचे 'कृती'. मराठीच्या अध्यापकांनी या दोन शब्दांपाशी थोडे थबकावे हे स्वाभाविक आहे. परंतु आमचे कुतूहल आहे ते या दोहोंच्या मधोमध वावरणाऱ्या तिसऱ्या शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे 'प्रमाण'. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. भाषाविचारात प्रमाणभाषा म्हणजे जिच्याकडे पाहून इतर बोलींना 'अशुद्ध' ठरवले जाते ती भाषा. आणि स्वयंपाकघरात प्रमाण म्हणजे केवळ 'किती'. तीनही अर्थ एकाच शब्दात नांदतात हा योगायोग नसावा. 'दोन चमचे साखर' असे लिहिले जाते तेव्हा साखर किती हा प्रश्न सुटतो. पण तो चमचा कोणाचा, तो सपाट भरायचा की शीग लावून, आणि ज्या घरात तो चमचाच नाही त्या घराने काय करायचे, हे प्रश्न तसेच उरतात. परभणी जिल्ह्यापुरता या प्रश्नांचा मागोवा घेतला तर चमच्याचा इतिहास आपल्याला वाटतो तेवढा क्षुल्लक राहत नाही.

आपल्याकडे कोरडे जिन्नस मोजण्याची सर्वांत जुनी साधने म्हणजे हात आणि दृष्टान्त. हाताची मापे सर्वांना ठाऊक आहेत : चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. त्यांतील 'पसा' हा शब्द संस्कृत 'प्रसृति'कडे जातो, आणि प्रसृती हे प्राचीन वैद्यकातले रीतसर मान आहे. चार कर्ष म्हणजे एक पल, दोन पलांची एक प्रसृती, दोन प्रसृतींची एक अंजली, आणि पुढे प्रस्थ, आढक, द्रोण अशी ती चढण आहे. म्हणजे आज ज्याला आपण 'अंदाजाने घातले' म्हणतो ते पसाभर तांदूळ एका शिस्तबद्ध मानपद्धतीचे वंशज आहेत. (पसायदानातील 'पसाय'चा मात्र या पशाशी संबंध नाही, तो 'प्रसाद' या शब्दापासून आला. विद्यार्थी दरवर्षी हा घोटाळा करतात म्हणून येथे सांगून ठेवतो.)

दृष्टान्ताची मापे याहून रंजक आहेत. लिंबाएवढा गूळ, सुपारीएवढी चिंच, हरभऱ्याएवढा हिंग, आवळ्याएवढे लोणी, बोटाच्या पेराएवढे पाणी. अलंकारशास्त्राच्या तासाला आपण उपमेय, उपमान, साधारण धर्म असे फळ्यावर लिहितो. आमच्या आजी-पणज्यांनी या उपमांनी रोजचे जेवण मोजले. उपमान पुरेसे स्थिर असेल तर उपमेचे एकक होते, याचा पुरावा सराफाच्या दुकानात मिळतो. गुंज ही एका वेलीची बी. ती 'गुंजेएवढे सोने' या तुलनेतून वजन झाली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सुपारीच्या नशिबी हे भाग्य आले नाही. याचे कारण सुपारीचा आकार कमी-अधिक असतो एवढेच नसावे. सोने बाजारात मोजले जाई आणि चिंच घरात, हेही त्याचे कारण असावे. बाजारातले मोजणे तंट्याचा विषय होते, त्यामुळे त्याला निश्चिती लागली. घरातले मोजणे विश्वासावर चाले.

धान्याच्या मापांची उतरंड बाजाराची आणि खळ्याची. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि त्यावर मण नि खंडी. मणाला पायल्या किती हे गावोगाव बदले. कुठे बारा, कुठे सोळा. शेराचेही दोन प्रकार होते, मापाचा आणि वजनाचा. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर आजच्या हिशेबाने सुमारे ९३३ ग्रॅम भरतो. मापाच्या शेरात ज्वारी घातली तर एक वजन, हरभरा घातला तर दुसरे. मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चाल होती. हा लाभ कोणाचा, हे मात्र माप कोणाच्या हातात आहे यावर ठरे.

येथे 'शीग' या शब्दाकडे पाहिले पाहिजे. मापाच्या काठाच्या वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो ती शीग. शीग ठेवून भरलेले माप आणि काठावरून हात फिरवून सपाट केलेले माप यांतील फरक थोडा नसतो. माप जितके पसरट तितका तो वाढतो. घेताना शीग आणि देताना सपाट, हा व्यवहार ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला त्यांच्याच बोलण्यात 'मापात पाप' ही म्हण जिवंत राहिली. त्यातच सवाई-दिढीची भर. पेरणीच्या वेळी एक पायली नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत करायची, आणि ती परतीची पायली सावकाराच्या घरच्या मापाने भरायची. 'झुकते माप', 'शेरास सव्वाशेर', 'माप पदरात घालणे' हे वाक्प्रचार आपण व्याकरणाच्या पुस्तकात पाठ करतो. त्यांच्या मागे ही शीग उभी आहे.

या बाजारी मापाशी तुलना करता बाईच्या हाताचे माप कितीतरी प्रामाणिक होते. जात्यात वैरण घालताना मूठ लहान घेतली तर पीठ बारीक पडते, मोठी घेतली तर भरड. मुठीतली चूक ताबडतोब पिठात दिसते. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. त्यांच्या अभंगांतील दळण-कांडणाचा आपण भक्तीच्या अंगाने पुष्कळ विचार केला. त्या कामामागे हाताचे एक कसलेले मोजमाप असते याकडे मात्र समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. बाजाराच्या खोट्या मापालाही 'माप' ही प्रतिष्ठेची संज्ञा मिळाली आणि स्वयंपाकघरातील खऱ्या मापाला 'अंदाज' म्हटले गेले, हा भेद आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ज्ञान कोणाचे मानायचे हा प्रश्न येथेच येतो.

आता चमचा. हा शब्द आपल्याकडे फारसी-तुर्की वाटेने आला. संस्कृतात 'चमस' हे यज्ञातील सोमपात्र आहे; दोहोंतील ध्वनिसाम्य मोहात पाडणारे आहे, पण त्या मोहात येथे शिरत नाही. मराठी घरात पळी होती, डाव होता, उलथणे होते. पळी देवघरात पाण्यासाठी आणि चुलीपाशी तेला-तुपासाठी, डाव वाढण्यासाठी. जेवणे हाताने, त्यामुळे ताटापाशी चमच्याला काम नव्हते. चमच्याने आपल्या घरात पाऊल टाकले ते मुख्यतः चहा आणि औषध या दोन निमित्तांनी, असे आमचे मत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या प्रसाराची मोहीम देशभर चालली आणि चहाबरोबर मराठीत 'चहाचा चमचा' हे माप आले. दवाखान्यातून मिळणाऱ्या औषधाच्या बाटलीवर खुणांसाठी कातरलेली कागदाची पट्टी डकवलेली असे. ती पट्टी आणि हा चमचा या दोन गोष्टींनी घराला शिकवले की काही पदार्थ 'चवीनुसार' घेता येत नाहीत.

साखरेचे येथील घरांशी नाते तसे अलीकडचे. गोडासाठी गूळ होता, आणि गूळ चमच्याने मोजता येत नाही. तो खड्याने मोजला जातो. साखर आली ती दाणेदार, मोकळी, सहज ओतता येणारी. चमच्याला ती जणू शोभूनच दिसली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ती नियंत्रणाखाली गेली, पुढे शिधापत्रिकेवर मिळू लागली. मोजून मिळणारी वस्तू मोजूनच वापरली जाते. पाहुण्याला चहात एक चमचा साखर की दोन, हा प्रश्न ज्या पिढीत सुरू झाला त्या पिढीला साखरेची किंमत ठाऊक होती.

परभणीची स्थिती आणखी एका कारणाने वेगळी होती. हा जिल्हा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथे रुपयाही दोन प्रकारचा : हाली सिक्का आणि कळदार. त्यामुळे 'कोणता शेर?' या प्रश्नाला 'कोणता रुपया?' हा प्रश्न जोडलेलाच असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी वजनमापांचा केंद्रीय कायदा झाला. १९५७च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. दहा-बारा वर्षांच्या आत एका पिढीचे राज्य, नाणे आणि तराजू बदलले. बाजारात शेर-छटाक मावळले. बोलण्यात मात्र पावशेर आजही आहे, फक्त त्याचा अर्थ अडीचशे ग्रॅम असा झाला आहे.

स्वयंपाकघराचे प्रमाण मात्र सरकारने बदलले नाही. ते छापखान्याने बदलले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०चे. ही शेर-तोळ्यांच्या काळातली पुस्तके. त्यानंतर कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी आणि चमचा हे प्रमाण मराठी मध्यमवर्गात घट्ट रुजवले. सासूच्या हाताखाली पाच वर्षे काढून जे कळे ते आता सासर सोडून दूर, नोकरीच्या गावी दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला पुस्तकातून हवे होते. लेखिका आणि वाचक यांची गाठ पडण्याची शक्यता नाही. अशा वेळी 'माझ्या हाताने मूठभर' हे वाक्य निरर्थक ठरते. चमचा हा या दोन अपरिचित बायकांमधला करार होता. तराजू प्रत्येक घरी नव्हता, वाटी-चमचा होता. पुस्तकांनी तोळ्यांचा आग्रह सोडून भांड्यांच्या फळीवरचे साधन स्वीकारले, यात मोठे शहाणपण होते, आणि ते मान्य केल्यावाचून पुढची टीका करणे अन्यायाचे होईल.

अमेरिकेत हेच काम फॅनी फार्मर यांच्या बोस्टनच्या पाकशाळेच्या पुस्तकाने १८९६ मध्ये केले. कप आणि चमचा काठावर सुरीने सपाट करून घ्यावा, हा त्यांचा आग्रह. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांनी शीग काढून टाकली. आज प्रमाणित छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ मिलिलिटरचा मानतात. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा आहे. म्हणजे तेथेही करार देशागणिक बदलतोच.

खरी अडचण वेगळी आहे. चमचा आकारमान मोजतो आणि आपल्याला हवे असते वजन. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ एकच; कोरड्या जिनसांत नाही. प्रमाणित छोट्या सपाट चमच्यात दाणेदार साखर सुमारे ४ ग्रॅम मावते, बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम, आणि मैदा जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. पिठीसाखर साखरेहून हलकी भरते. पीठ चाळून घेतले तर कमी, दाबून भरले तर जास्त. शिवाय आपल्या घरातला 'चमचा' म्हणजे चहाचा की पोह्याचा, हे कृतीत बहुधा लिहिलेलेच नसते. (खुशामतखोराला चमचा म्हणतात ते बहुधा याच लवचिकतेमुळे, असे म्हणण्याचा मोह होतो.)

आणि काही जिन्नस चमच्याच्या करारात मुळातच बसत नाहीत. भाकरीचे घ्या. ज्वारीचे पीठ ताजे असेल तर थोड्या पाण्यात मळून भाकरी थापता येते. पीठ जुने झाले, त्याची विरी गेली, की उकळते पाणी घालून मळावे लागते, नाही तर कड फाटते. पाण्याचे प्रमाण पिठाच्या वयावर अवलंबून आहे, आणि पिठाचे वय बोटांना कळते. येसरचे तसेच. मराठवाड्यात लग्नकार्याला येसरची आमटी हवीच. धान्ये भाजून, मसाल्यासह दळून हे येसर मोठ्या प्रमाणावर केले जाते. भाजणे किती, हे वासावर ठरते. अशा पदार्थांची कृती छापील चौकटीत आणायची म्हटले की 'आवश्यकतेनुसार', 'खमंग होईपर्यंत' अशी पळवाट शोधावी लागते. वाटी-चमच्याच्या मराठी स्वयंपाकात ज्या पदार्थांना ठसठशीत प्रमाण मिळाले ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतले, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांत आमच्या भागातले पुष्कळ, हे पाहिले म्हणजे प्रमाणभाषेचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. बोलीतला शब्द जसा कोशात 'प्रांतिक' असा शिक्का घेऊन येतो तसे येसर पुस्तकात शेवटच्या, 'इतर' म्हणून राखलेल्या पानांवर येते.

हे सगळे रुचीपुरते असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु एका ठिकाणी साखर-मिठाचे चमचे जीवनमरणाचा प्रश्न होतात. हगवणीने कोमेजलेल्या मुलाला द्यायची जलसंजीवनी घरी करायची तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालायचे. साखर येथे गोडीसाठी नाही. आतड्याच्या आवरणातून क्षार आणि त्यामागोमाग पाणी आत ओढून नेण्याचे काम ग्लुकोज करते. मीठ जास्त झाले तर मुलाच्या जिवाला धोका, कमी झाले तर उपयोग नाही. मिठाच्या अर्ध्या चमच्यावर शीग राहिली की मीठ दुपटीच्या आसपास जाऊ शकते. खळ्यावरची शीग येथे पुन्हा भेटते, फार वेगळ्या वेषात. हा धोका टाळण्यासाठी एका टोकाला साखरेचा खोलगा आणि दुसऱ्या टोकाला मिठाचा इवलासा खोलगा असलेले दुतोंडी प्लास्टिकचे चमचेही तयार करण्यात आले. हाताशी तयार पुडी असेल तर तीच वापरावी हे उत्तम.

या उपचाराची मोठी कसोटी लागली १९७१ साली, बांगलादेश मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत. डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे द्रव संपत आल्यावर तोंडाने क्षार-साखरेचे पाणी देण्याचा निर्णय घेतला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे आहे ते पुढे बांगलादेशात घडले ते. तेथील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात घरोघरी जाऊन सुमारे १ कोटी २० लाख कुटुंबांतील मातांना हे पाणी करायला शिकवले, आणि त्यासाठी चमचा वापरला नाही. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची एक चिमूट मीठ आणि एक मूठ गूळ, हे त्यांचे प्रमाण. मातांनी केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात, आणि शिकवणाऱ्या बाईचा मोबदला मातांच्या ध्यानात किती राहिले यावर ठरे. ज्याला आपण अंदाज म्हणून हिणवले त्या चिमटीला आणि मुठीला, बोटे किती ते निश्चित करून आणि सराव देऊन, वैद्यकाने प्रमाण म्हणून स्वीकारले. गूळ, शेर, चिमूट, मूठ : यातला एकही शब्द आमच्या पाथरी-सोनपेठच्या बाईला समजावून सांगावा लागला नसता.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ची, दुष्काळाच्या वर्षाची. तेथील गृहविज्ञान महाविद्यालय आज सामुदायिक विज्ञान महाविद्यालय या नावाने ओळखले जाते. गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमात पाककृतीचे 'प्रमाणीकरण' हा रीतसर भाग असतो : वजन करा, सपाट चमच्याने मोजा, तीच कृती पुन्हा करून पाहा. एकाच शहरात एका इमारतीत प्रमाणभाषा शिकवली जाते आणि दुसऱ्या इमारतीत प्रमाणित चमचा. दोन्ही इमारतींत येणाऱ्या मुली घरी मात्र मुठीने पीठ घेतात आणि बोलीत बोलतात. या दोन विभागांनी कधी एकत्र बसावे असे आम्हाला मनापासून वाटते, कारण कोळवे, चिपटे, मापटे हे शब्द आता बव्हंशी कोशात गेले आहेत. मापटे तर लग्नापुरते उरले आहे. नवी सून उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून आत येते. त्या मापाला नाव विचारले तर 'माप' एवढेच उत्तर मिळते.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बोलींच्या सर्वेक्षणाचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यांत नातेवाचक शब्द असतात, शेतीची अवजारे असतात. घरातील मापांची यादीही करावी. ती करताना नुसता शब्द आणि अर्थ लिहून भागणार नाही. कोणता जिन्नस, किती बोटांची चिमूट, पसा एका हाताचा की दोन्ही हातांचा, सपाट की शीग, आणि हे माप कोणाकडून शिकलात, एवढे रकाने तरी हवेत. आणि जमल्यास त्या बाईने घेतलेली चिमूट कागदावर पाडून शेजारच्या सराफाच्या काट्यावर तोलून घ्यावी. दहा वेळा घेतलेल्या दहा चिमटींत फरक किती पडतो ते शेवटच्या रकान्यात लिहावे.